चित्रामागची बाई

त्या शुक्रवारी पहाटे माय आणि मी टोपल्या घेऊन नाल्यापलीकडच्या मोहांखाली गेलो. खालचा पाचोळा मायनं आठ दिवसांपूर्वीच जाळून ठेवला होता, त्यामुळे काळ्या राखेवर फुलं उठून दिसत. आम्ही वाकून वेचत होतो आणि वरून पाठीवर, मानेवर फुलं पडत होती. टप. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टप. मायला बोलायची सवय नव्हती. तिचा हात फुलांवर कोंबडीच्या चोचीसारखा चाले आणि टोपली भरली की ती कमरेवर हात ठेवून एकदा आभाळाकडे पाही.

जळालेल्या झुडपाचा खुंट राखेत दडलेला होता. तो माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यात शिरला.

"पाहून पाय टाकाव ना वं," माय म्हणाली. तिनं खुंटाचा तुकडा नखानं ओढून काढला, जखमेवर राख दाबली आणि नेसूच्या जुन्या निळ्या लुगड्याचा काठ दातांनी फाडून अंगठ्याला गुंडाळला. "शिकली सवरली अन् चालता नाई येत."

मी एकोणीस वर्षांची होते. बालाघाटला शिक्षिकेचं ट्रेनिंग घेत होते आणि महिन्याभराच्या सुट्टीत घरी आले होते. साल चौसष्ट. आमचा टोला परसवाड्यापासून दोन कोसांवर. त्यात ख्रिस्ती घरं अकरा. मधोमध कौलारू गिरजा, आणि त्याच्या दारात चिंचेला टांगलेला रुळाचा तुकडा, तीच घंटा.

आदल्या दिवाळीत मिशनचा गोरा साहेब मायदेशी परत गेला होता. सरकारनं त्याचा राहायचा कागद पुन्हा दिला नाही. जाताना त्यानं भाता फाटलेली पेटी, ही घंटा आणि चित्रांची गुंडाळी बाबांच्या हाती दिली आणि सांगितलं, आता हे काम तुमचंच. बाबा मिशनचे प्रचारक, सगळे त्यांना मास्तर म्हणत; त्यांचा पगार त्याच महिन्यापासून बंद झाला. ते दोन एकर धान करत आणि उरलेल्या वेळात अकरा घरांच्या मागे लागत, की साहेब नाही तर आपण जाऊ, गावोगावी जाऊन प्रभूचं सांगू. अकरा घरांना साहेबाची सवय होती. तो सांगे, हे मागे बसून भजन म्हणत. स्वतः सांगायचं म्हटलं की प्रत्येकाच्या बैलाला काहीतरी होई.

बाबांचा एक नियम होता. जायचं ते दोघांनी. एकट्यानं कधीच नाही. गिरजातल्या काळ्या फळीवर ते खडूनं जोड्या लिहीत. आणि प्रत्येक घरात चुलीजवळ एक गाडगं असे. भात शिजायला टाकण्याआधी बाईनं एक मूठ तांदूळ त्यात टाकायचे. जाणाऱ्या जोडीनं तेच तांदूळ नेऊन रांधायचे, म्हणजे कोणी म्हणू नये की हे आमच्या दारी जेवायला आले.

त्या शुक्रवारी संध्याकाळी बाबांनी सगळ्यांना गिरजात बसवलं. सराव होता.

"लीलाबाई, तुमी सांगा. समजा मी चिरईटोल्याचा माणूस. तुमी माह्या दारात आल्या. मी पुसलं, काहून आल्या?"

लीलाबाईनं पदर तोंडाला लावला. ती महागूची बायको. "मीठ मागाले आली म्हणीन."

सगळे हसले. बाबाही हसले.

"बरं. मीठ भेटलं. मंग?"

"मंग मले काय येते मास्तर? अक्षर ओळखत नाई मी. साहेब कसा फाडफाड सांगे."

"साहेब पुस्तकातलं सांगे. तुमी घरातलं सांगा. तुमची पोरगी बारा दिवस तापानं पडलती, तवा काय केलं तुमी?"

"रडली."

"मंग रडली म्हणून सांगा. प्रार्थना केली असन तर केली म्हणा. पोरगी उठली, ते सांगा. पर जे नाई झालं त्यातलं एक अक्षर सांगू नोका. साक्ष म्हणजे आपण पाह्यलेलं. न पाह्यलेलं सांगतलं का ते खोटं झालं, मंग ते देवाच्या नावानं का असेना."

महागू मागून म्हणाला, "मास्तर, मागच्या खेपेले त्या चिरईटोल्यात मले पुसलं, साहेब वाटे ती दूधपावडर आणली का? मी म्हटलं, पावडर गेली साहेबासंग विमानात. आता कोरडा महागू उरला."

पुन्हा हसू. पण बाबांनी फळीवर स्वतःचं आणि महागूचं नाव, "तेजराम – महागू", लिहायला घेतलं तसा महागू उठून उभा राहिला.

"उद्या मले जमत नाई मास्तर. घरावरचे कवेलू फेराचे हाये."

"कवेलू? चैतात?"

"माकडायनं फोडले."

लीलाबाई जमिनीकडे पाहत राहिली. महागूला चिरईटोल्यात नुसतं हसले नव्हते. बाजारातल्या ढोलकीवाल्यांनी त्याला सांगितलं होतं, की प्रचाराला फिरलास तर लग्नाच्या वाजंत्रीत बोलावणार नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाबांनाही होतं. त्यांनी तळहातानं महागूचं नाव पुसलं, थोडा वेळ फळीसमोर उभे राहिले आणि तिथं लिहिलं, कमला.

"एका बैलानं वखर चालत नाई," ते म्हणाले. "माही पोरगी येईन."

मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी सगळ्यांसमोर मी नाही म्हटलं नसतं.

चित्रांची गुंडाळी धरणं हे काम मी आधी केलं होतं, दोनदा. बारा मोठी रंगीत चित्रं, वरून एका लाकडी पट्टीला जोडलेली. पट्टी दोन्ही हातांनी डोक्याएवढी उंच धरायची. बाबा बोलत आणि एकेक चित्र मागं उलटत जात. धरणाऱ्याचं तोंड चित्रामागं झाकलेलं असतं. लोकांना दिसतात ती वर दोन्ही हातांची बोटं आणि खाली पाय.

दुसऱ्या खेपेला परसवाड्याच्या बाजारात एका माणसानं बैल हाकायच्या काठीनं चित्राचं खालचं टोक उचललं आणि वाकून पाहिलं. "पाहा रे, पडद्याआड बाई हाय!" लोक हसले. त्या हसण्यात एक आवाज माझ्या ओळखीचा होता. सरिता, माझ्याच वर्गातली. ती मामाकडं आली असणार. "कौन है, कौन है?" ती विचारत होती. मी चित्र चेहऱ्याच्या इतकं जवळ ओढलं की कागदाचा वास नाकात गेला. तिला कळलं की नाही, मला आजही माहीत नाही.

शनिवारी माय उजाडण्याआधीच गावच्या पटलाच्या शेतात हरभरा काढायला गेली. ती दिवस बुडाल्यावरच येणार होती. जाताना तिनं दोघांच्या मापाचे तांदूळ फडक्यात बांधून ठेवले, सोबत मीठ आणि दोन कांदे.

बाबा नाल्यावर अंघोळीला गेले तेव्हा मी चुलीवरचा गरम पाण्याचा लोटा उतरवला आणि त्याला कपाळ लावून बसले. पाय दुखतो म्हटलं असतं तर ते खोटं झालं नसतं. पण बाबा म्हणाले असते, हळू चालू. मला त्याहून मोठं काहीतरी हवं होतं.

"बाबा, मले ताप वाटून राह्यला."

त्यांनी हात धोतराला पुसून माझ्या कपाळावर ठेवला. तो गार होता. नाल्याच्या पाण्याचा वास येत होता. त्यांनी तो बराच वेळ तसाच ठेवला. माझी नजर चुलीकडं होती. लोटा तिथंच, अर्धवट वाफाळत.

"हौ," ते म्हणाले. "गरम हाये."

मी फडक्याला हात लावला. "एकाचे काढून ठेवू?"

"राहू दे. वाटेत कोणी भेटल."

त्यांनी गुंडाळी खांद्यावर टाकली, थैली घेतली, टोपी घातली. दारात थांबून माझ्या पायाच्या चिंधीकडे पाहिलं. "पाणी पीत राहा," म्हणाले, आणि गेले. चिरईटोल्याची पायवाट आमच्या कुंपणापासून सरळ सालवृक्षांच्या जंगलात जाते. झाडं सुरू होतात तिथं ते एकदा थांबले आणि बाजूला सरले, कोणाला तरी पुढं जाऊ द्यावं तसे. काटा असेल. मग दिसेनासे झाले.

मी दिवसभर घरात पडून होते. ताप आहे म्हटलं होतं म्हणून पडूनच राहिले, कोणी पाहायला नव्हतं तरी. दुपारी झोप लागली. जाग आली तेव्हा दोन्ही हात खांद्यापासून भरून आले होते आणि बोटं आखडली होती. तासभर पट्टी उंच धरल्यावर येतात तसे. कुशीवर झोपल्यामुळं असेल असं मी स्वतःला सांगितलं. कपाळ मात्र खरंच तापलं होतं.

बाबा त्या संध्याकाळी आले नाहीत. माय अंधारात आली, मी पडून होते; गेले होते की नाही ते तिनं विचारलं नाही. म्हणाली, राह्यले असन तिकडंच.

रविवारी घंटा वाजली नाही, कारण ती बाबाच वाजवत. तरी लोक येऊन बसले. आम्ही सगळे गिरजात वाट पाहत असताना दारात एक माणूस उभा राहिला, खांद्यावर कुऱ्हाड. चिरईटोल्याचा चैतराम, गोंड. त्यानं कुऱ्हाड बाहेर टेकवली.

"मास्टरजी पेड़ के नीचे बैठे हैं," तो म्हणाला. "उठते नहीं."

माय उठली आणि तशीच चालायला लागली. महागू आणि आणखी तिघांनी खाट उचलली. चैतराम माझ्या मागं चालत होता. थोडं पुढं गेल्यावर त्यानं महागूला विचारलं, "बाई घर पहुँच गई थी ना?"

"कोन बाई?"

"जो संग में थी."

महागूनं खाटेचा खूर एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतला.

चिरईटोल्याबाहेरच्या मोठ्या मोहाखाली बाबा खोडाला टेकून बसले होते. डोळे अर्धे मिटलेले. टोपीवर, खांद्यांवर, मांडीतल्या ओंजळीसारख्या हातांत मोहाची फुलं पडली होती. एक दिवस आणि एक पहाट पडत राहिली होती. कोणी झटकली नव्हती. आम्ही उभे होतो तेव्हाही एक पडलं, टप, त्यांच्या छातीवर, आणि तिथंच राहिलं.

समोर तीन दगडांची चूल होती, राख गार. बाजूला पळसाच्या दोन पत्रावळी. आमच्याकडं जेवण झालं की पत्रावळ आपल्याकडं दुमडतात. दोन्ही दुमडलेल्या होत्या. समोरासमोर बसून दोघं जेवले असावेत, तशा.

मायनं प्रथम त्याच पाहिल्या. खाली बसून तिनं एक उलगडली, मग दुसरी. आत शितं चिकटलेली होती.

"जेवले?" तिनं विचारलं.

गावातल्या बायका जरा अंतरावर उभ्या होत्या. त्यांच्यातली एक म्हातारी पुढं झाली. तिच्या कानांच्या पाळ्या दागिन्यांनी लोंबल्या होत्या. "दोनों ने खाया," ती म्हणाली. "पहले फोटो दिखाया. पूरे बारा. मछली वाला, भेड़ वाला, सब. हमने दूर से देखा. मास्टर बोले, बाई पकड़ी रही. फिर पकाया, खाया. फिर हम काम पे चले गए. शाम को आए तो ये अकेले बैठे थे. सोचा, सो रहे हैं."

"बाई कशी होती?" लीलाबाईनं विचारलं. ती कधी आली ते मला कळलं नव्हतं.

"मुँह तो फोटो के पीछे था. पाँव दिखे." म्हातारीनं स्वतःचा डावा पाय पुढं केला आणि अंगठ्याला हात लावला. "इधर चिंदी बँधी थी. नीली."

सगळ्यांनी खाली पाहिलं. मी अंगठा धुळीत रोवला. पण निळा काठ धुळीतूनही दिसत होता.

सगळ्यांत आधी महागू रडला. त्यानं स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. "मी नाई गेलो! मी कवेलू सांगतले, अन् हे पोरगी गेली! फुटल्या पायानं गेली!"

"मंग बापाले सोडून काहून आली?" लीलाबाई म्हणाली. प्रश्न मला होता.

उत्तर महागूनंच दिलं. "मास्तरनंच धाडली असन, ऊन चढाच्या आधी. पाय पाह्यला असन पोरीचा. त्यायचा सभाव तुले ठाऊक नाई का?"

"हौ," कोणीतरी म्हणालं. "तसंच झालं असन."

माय माझ्याकडे पाहत होती. तिच्या हातात ती दुसरी पत्रावळ होती. "एकले नोयते," ती म्हणाली, स्वतःशीच. "एकले नोयते मंग."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी वाकून बाबांच्या मांडीतली फुलं वेचायला लागले.

बाबांना गिरजाच्या मागं पुरलं. बालाघाटाहून काका आले. ते छप्पन सालापासून बौद्ध झाले होते आणि बाबांशी त्यांचं बोलणं कमी होतं. तेही उन्हात माती लोटत राहिले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तू संग होती, ऐकून बरं वाटलं."

फळीवरचं "तेजराम – कमला" कोणी पुसलं नाही. झाडताना मी रोज ते पाही. त्याच्याखाली लोक नावं लिहायला लागले. आधी महागू आणि त्याचा भाऊ. मग लीलाबाई आणि तिची जाऊ, ज्या एकमेकींशी वर्षभर बोलत नव्हत्या. ईस्टरच्या रविवारपर्यंत सात जोड्या झाल्या. पाच महिने बाबांनी जे केलं आणि झालं नाही, ते तीन आठवड्यांत झालं. लीलाबाई एका गावात हाकलली गेली आणि दुसऱ्यात तिला ताक प्यायला दिलं. ती परत येऊन सांगत होती, हातवारे करत. "मी म्हटलं, माही पोरगी पडलती तवा मी रडली. तर ती बाई म्हणे, माहीबी पडली हाये, अंदर ये." आणि शेवटी सगळे तेच सांगत, प्रत्येक गावात: मास्तर मेले पण एकटे मेले नाहीत, त्यांची पोरगी फुटक्या पायानं चित्र धरून उभी होती. बाजारात महागूला ढोलकीवाले भेटले, तर त्यांनाही त्यानं हेच सांगितलं. त्यांनी त्याला काही म्हटलं नाही.

गुंडाळी आमच्या घरी खुंटीला होती. मी एकदा उलगडून पाहिली. पट्टीच्या दोन्ही टोकांना मागच्या बाजूनं अंगठ्यांचे घामाचे काळे डाग होते. मी त्यांवर अंगठे ठेवले. बरोबर बसले. ते आधीच्या दोन खेपांचेच असतील.

संध्याकाळी माय आणि मी अंगणात वाळलेली मोहफुलं निवडत बसत असू. बाबा गेल्यापासून मायला बोलायची सवय लागली होती.

"कोनतं चित्र दाखवत होते तवा त्यायले धाप लागली?"

"मले नाई आठवत माय."

"अन् शेवटी काही बोलले का?"

"नाई."

हे सगळं खरंच होतं, एका परीनं. मी तेवढ्यावर निभावत होते. मग एके दिवशी तिनं फुलांतला खडा काढून फेकला आणि म्हणाली, "भातात मीठ बरोबर पडलतं का वं? मी अंधारात बांधलं. एकदा टाकलं का दोनदा, मले समजलंच नाई. तेव्हापासून तेच डोक्यात हाये. शेवटचा भात त्यायचा."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. हात निवडत राहिले.

"हौ," मी म्हणाले. "बरोबर होतं."

तिनं मोठा श्वास सोडला. त्या रात्री ती पहिल्यांदा पोटभर जेवली.

माझी ट्रेनिंगची सुट्टी संपत आली. निघायच्या तीन दिवस आधी माय गिरजात गेली आणि महागूला म्हणाली, "लिहा. मैनाबाई, कमला. चिरईटोला."

महागूचा खडू हवेतच राहिला. मंडळीत मायनं कधी भजनाच्या वरही आवाज काढला नव्हता. "वयनी, तुमी बोलान?"

"बोलीन. मले अक्षर नाई येत. पर त्यायनं सांगतलं होतं ना, घरातलं सांगाचं."

आम्ही शनिवारी निघालो. मायनं गाडग्यातले तांदूळ बांधले, दोघींचे. गुंडाळी मी घेतली. ज्या ठिकाणी बाबा बाजूला सरले होते तिथं मी थांबून पाहिलं. काटा नव्हता, खळगाही नव्हता. जंगलात एक पान हलत नव्हतं. आम्ही दोघी चालत होतो आणि मला पावलांचे आवाज मोजू नयेत असं वाटत होतं, तरी मी मोजत होते.

मोहाचा बहर सरला होता. फांद्यांना तांबडी कोवळी पालवी आली होती, आणि खाली पडलेलं एकही फूल नव्हतं. खोडाशी तीन दगड तसेच होते. चैतराम आला, बायका आल्या, माणसं आली, पंचवीस-तीस जण. जवळ बसले. त्या दिवशी दूर उभे होते ते आज हातभर अंतरावर बसले. लोंबत्या पाळ्यांची म्हातारी सगळ्यांच्या पुढं.

मी गुंडाळी उलगडून पट्टी उंच धरली. चित्र माझ्यासमोर उतरलं आणि लोक दिसेनासे झाले.

"वही बाई," म्हातारी म्हणाली. मग वाकली असावी, कारण तिचा आवाज खालून आला. "चिंदी निकल गई."

ऊन कागदातून येत होतं. मागच्या बाजूनं चित्रातली माणसं फिकट आणि उलटी दिसतात. चौथ्या चित्राला बाबांनी हिंदी वर्तमानपत्राचा तुकडा कणकेच्या खळीनं चिकटवला होता. त्यातली अक्षरं माझ्या डोळ्यांसमोर होती. चित्राच्या पलीकडं माय बोलायला लागली. आवाज कापत होता, पण थांबला नाही.

"मी मैनाबाई. मास्तरची बायको. मले अक्षर नाई येत. माह्या धन्यानं सांगतलं, जे झालं तेच सांगाव, दुसरं नाई. तर मी सांगून राह्यली. माहा धनी ह्या झाडाखाली मेला. मी घरी नोयती, मी पटलाच्या वावरात हरभरा उपटत होती. माह्या जिवाले लई लागलं असतं, का मानूस एकला मेला, पाणी द्याले कोणी नाई. पर देवानं त्याले एकलं मरू देलं नाई. माही पोरगी त्याच्यासंग ठेवली."

"हौ," चैतराम म्हणाला.

"तिचा पाय फुटलता. तरी आली. तिनं हे असंच धरलं. त्याच्यासंग इथंच जेवली. मी अंधारात मीठ टाकलतं, मले भेव होतं. पर तिनं मले सांगतलं, मीठ बरोबर होतं. हे मी पाह्यलं नाई. माह्या पोरीनं पाह्यलं. अन् ते पाह्यलेलं हाये, म्हणून मी तुमाले सांगून राह्यली. हेच माही साक्ष."

कोणीतरी नाक ओढलं. मग सगळं थांबलं. पान नाही, पाखरू नाही. माझे हात भरून आले होते. डावा खांदा जळत होता, मी तो हात खाली घेतला, थोडा वेळ, रक्त उतरावं म्हणून.

पट्टी कलली नाही.

ती डाव्या टोकाला तशीच होती, माझ्या डोक्याएवढी उंच, सरळ. चित्र हललंसुद्धा नाही. माझ्या डाव्या खांद्याजवळ नाल्याच्या पाण्याचा वास आला. मी तिकडं पाहिलं नाही. समोर पाहत राहिले, त्या उलट्या माणसांकडे. मग डावा हात पुन्हा वर नेला, पट्टी धरली, आणि तिचं वजन परत आलं.

मी गुंडाळी खाली घेतली. आधी डोळ्यांपर्यंत, मग हनुवटीपर्यंत, मग पार जमिनीला टेकेपर्यंत. ऊन एकदम तोंडावर आलं. म्हातारी माझ्या चेहऱ्याकडं पाहत होती, पहिल्यांदाच पाहावं तशी. माय वळली. तिच्या गालांवर पाणी होतं आणि ती हसत होती.

"काहून वं? हात दुखले?"

"माय," मी म्हणाले. माझा आवाज मला मोठा वाटला. मागच्या रांगेतही ऐकू गेला असणार. "त्या दिवशी मी बाबायले ताप सांगतला, पर ताप नव्हता. मी लोट्यावर कपाळ शेकलं. बाबायले मी फसवलं. मी घरीच होती, दिवसभर. भातात मीठ किती होतं, मले ठाऊक नाई माय. मी इथं नव्हती."